परत बोलावणार कोण?



आज आम्ही एका साध्या आजाराविषयी आणि त्या आजाराच्या निमित्ताने आमच्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी लिहीत आहोत. आजार असा, की त्याने कोणाचा जीव जात नाही, ताप येत नाही, बहुधा दुखतही नाही. चूकही वरवर पाहता किरकोळच वाटेल. परंतु तिने आमच्यापुढे उभा केलेला प्रश्न किरकोळ नाही. दुसऱ्यापासून दूर होणे हे केव्हा कर्तव्य असते आणि केव्हा अन्याय? आणि एकदा दूर केलेल्या माणसाला परत बोलावण्याची जबाबदारी कोणाची?

घडले ते असे. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीसाठी आमच्या धर्मशिक्षण वर्गात एक आठ वर्षांची मुलगी येत असे. त्या वर्षी पावसाळ्यात तिच्या हातावर आणि मानेवर मोत्यासारख्या बारीक पुटकुळ्या उठल्या. तिच्या आईने लपवाछपवी न करता पहिल्याच रविवारी आम्हाला सांगितले, ''टीचर, डॉक्टरांनी मोलस्कम म्हटलंय. संसर्गाचं आहे, पण घाबरण्यासारखं नाही. तिचा टॉवेल आम्ही वेगळा ठेवलाय.''

पुढच्या रविवारी दुसऱ्या एका मुलाची आई आली. ''टीचर, माझं धाकटं अजून वर्षाचंही नाही. त्याच्या अंगाला आधीच इसब आहे. त्या मुलीला जरा बाजूला बसवाल का?''

आम्ही बसवले. कोणाला काही विचारले नाही. शेवटच्या बाकाच्या टोकाला तिची जागा झाली. ''थोडे दिवस हं बाळ,'' असे तिला सांगितले. जानेवारीत प्रथम ख्रिस्तप्रसादाचा सोहळा झाला. मुले जोडीजोडीने वेदीकडे चालत गेली. तिची जोडी कोणाशी लावावी हे ठरेना, म्हणून आमच्यापैकीच एक टीचर तिच्याबरोबर चालल्या. त्या दिवसाच्या छायाचित्रात ती एका मोठ्या बाईचा हात धरून उभी आहे.

पुढच्या वर्षी ऑगस्टपर्यंत तिच्या पुटकुळ्या पूर्णपणे गेल्या. हातावर डागसुद्धा उरला नाही. तरी ती शेवटच्या बाकाच्या टोकालाच बसत होती. ''थोडे दिवस'' संपले हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

तिच्या आई-वडिलांची परवानगी घेऊन आणि तिलाही विचारून आम्ही हे लिहीत आहोत.

हा आजार आहे तरी काय?

मोलस्कम कंटॅजिओझम हा विषाणूमुळे होणारा त्वचेचा संसर्ग आहे. आपल्याकडे कोणी त्याला मोस समजतो, कोणी चामखीळ, तर कोणाला कांजिण्यांची शंका येते. पुटकुळी साधारण दोन ते पाच मिलिमीटरची, गुळगुळीत, गोल आणि चकचकीत असते. तिच्या मधोमध बेंबीसारखा खळगा असतो आणि आत पांढरट, घट्ट गाभा असतो. त्या गाभ्यातच विषाणू असतो. इंग्लंडमधील डॉक्टर थॉमस बेटमन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन केले होते, म्हणजे वैद्यकाची त्याच्याशी दोनशे वर्षांहून अधिक काळाची ओळख आहे.

हा विषाणू देवीच्या विषाणूच्याच कुळातला. देवीच्या रोगाने कितीतरी पिढ्या माणसे मेली, आंधळी झाली. लसीकरणाने त्याचा नायनाट झाला आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तशी घोषणा केली. मोलस्कम मात्र त्या कुळातला गरीब भाऊबंद आहे. तो रक्तात शिरत नाही, आतल्या अवयवांना शिवत नाही. त्वचेच्या अगदी वरच्या थरात राहतो आणि तिथूनच निघून जातो. एकदा गेला की शरीरात दबा धरूनही बसत नाही.

तो पसरतो कसा? उघड्या त्वचेला त्वचा घासून, एकच टॉवेल, पंचा किंवा अंग घासण्याचा स्पंज अनेकांनी वापरल्याने, आणि पुटकुळी खाजवून तोच हात अंगावर दुसरीकडे लावल्याने. म्हणूनच एका मुलाच्या अंगावर एकामागून एक पुटकुळ्या उठताना दिसतात. तो हवेतून पसरत नाही. खोकल्याने, शिंकेने पसरत नाही. पुटकुळ्या कपड्याने किंवा पट्टीने झाकलेल्या असतील तर शेजारी बसल्याने, एका पुस्तकात पाहून वाचल्याने लागण होण्याची भीती नसते. संसर्ग झाल्यापासून पुटकुळी दिसेपर्यंत बहुधा दोन ते सात आठवडे जातात, क्वचित सहा महिनेही लागतात. त्यामुळे 'तुझ्यामुळे माझ्या मुलाला झाले' असे बोट दाखवणे बहुतेक वेळा पोकळ ठरते.

उपचारांचे म्हणाल तर निरोगी मुलांमध्ये हा आजार साधारण सहा महिने ते वर्षभरात आपोआप बरा होतो. काहींना दीड वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणून पुष्कळ डॉक्टर थांबण्याचाच सल्ला देतात. खाज फार असेल, पुटकुळ्या वाढत असतील किंवा चेहऱ्यावर असतील तर डॉक्टर त्या खरवडून काढतात, द्रवरूप नायट्रोजनने गोठवतात किंवा त्यांवर औषध लावतात. अमेरिकेत खास या आजारासाठी मान्यता मिळालेले पहिले औषध २०२३ साली आले. कँथरिडिन हे त्याचे नाव. मुळात काही भुंग्यांपासून मिळणारे हे द्रव्य त्वचेवर फोड आणते. म्हणून ते डॉक्टरांनीच लावायचे असते.

इथे एक विनंती. घरच्या घरी सुईने टोचणे, चुना-सोडा लावणे, बिब्बा लावणे हे प्रकार कृपया करू नका. बिब्ब्याने कातडी भाजते, आणि जो डाग मुळात राहणार नव्हता तो जन्मभरासाठी राहतो. पुटकुळी पापणीच्या कडेला असेल, इसब असलेल्या मुलाच्या अंगावर खूप पसरली असेल किंवा मोठ्या माणसाला झाली असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवा. प्रौढांमध्ये हा संसर्ग शरीरसंबंधातूनही होतो, आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना तो बराच त्रास देतो. अशा वेळी लाजेपोटी गप्प राहणे हिताचे नाही.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांकडून कळली आणि ती आमच्या मनात राहून गेली. बरे होण्याच्या आधी पुटकुळ्या पुष्कळदा लाल होतात, सुजतात. आई-वडील घाबरतात, आजार चिघळला असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात तोवर लपून राहिलेल्या विषाणूला शरीराने तेव्हा ओळखलेले असते आणि ते त्याच्याशी झुंजत असते. दिसायला सर्वांत वाईट दिवस ते बरे होण्याच्या वाटेवरचे असतात. आमच्या वर्गातल्या मुलीला आम्ही आणखी दूर सरकवले ते नेमक्या याच दिवसांत.

भिणे पाप आहे का?

नाही. ज्या आईने येऊन आम्हाला सांगितले तिच्यावर आमचा राग नाही. इसब असलेल्या बाळाला हा संसर्ग अधिक सहज होतो आणि अधिक पसरतो, हे वैद्यकीयदृष्ट्या खरेच आहे. आपल्या लेकराची काळजी करणारी आई चुकीची कशी ठरेल? भीती ही पुष्कळदा प्रेमाचीच दुसरी बाजू असते.

परंतु भीतीचे एक कर्तव्य असते: तिने आधी विचारले पाहिजे. किती धोका आहे? कशाने आहे? तो टाळायला नेमके किती अंतर पुरेसे आहे? आपल्या धर्मग्रामातच डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत. एका फोनने आम्हाला कळले असते की शाळा किंवा वर्ग बंद करण्याची, बाक वेगळा करण्याची काहीच गरज नाही. पुटकुळ्या झाकाव्यात, टॉवेल वेगळा ठेवावा, खेळून आल्यावर हात धुवावेत, एवढे पुरे. या आजाराने आमच्याकडून फक्त एक टॉवेल आणि एक पट्टी मागितली होती. बाक आम्ही आमच्या मनाने दिला.

प्रत्येक आजार वेगळे अंतर मागतो. कांजिण्या आलेल्या मुलाने सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी राहिलेच पाहिजे. गोवर आलेल्याने पुरळ उठल्यापासून निदान चार दिवस इतरांत मिसळू नये. तिथे अंतर पाळणे हेच शेजारप्रेम आहे. 'देव राखील' म्हणत आजारी मूल गर्दीत आणणे ही श्रद्धा नव्हे, तो दुसऱ्याच्या लेकराच्या जिवाशी खेळ आहे. तेव्हा आमचे म्हणणे 'कोणापासूनही दूर होऊ नका' असे मुळीच नाही. आमचे म्हणणे एवढेच, की आजाराने मागितले तेवढेच अंतर द्यावे. त्याहून जे अधिक देतो ते सावधगिरीच्या नावाखाली चाललेले दुसरेच काहीतरी असते. किळस असते, लोक काय म्हणतील याचे भय असते, किंवा तक्रार घेऊन आलेल्या माणसाला 'नाही' म्हणण्याचे धैर्य नसते. आमच्या बाबतीत हे शेवटचे खरे होते.

कोणी विचारील, ''आणि एवढे करूनही माझ्या मुलाला झालेच तर?'' रास्त प्रश्न आहे. तर त्याला वर्षभर काही पुटकुळ्या राहतील, खाज येईल, थोडा धीर धरावा लागेल. हा तोटा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही एक मूल आहे. त्याला वर्षभर सांगितले जाते की तुझ्याजवळ बसणे धोक्याचे आहे. एका कुटुंबात, एका वर्गात, एका धर्मग्रामात राहायचे म्हणजे एकमेकांचे थोडेफार आपल्याला लागणारच. त्यातला काहीच वाटा उचलायचा नसेल तर एकत्र येण्याला अर्थ काय उरला?

खरे सांगणाऱ्याला शिक्षा

पुढे आम्हाला कळले, की त्या वर्षी वर्गातल्या आणखी दोन मुलांना हाच आजार होता. त्यांच्या घरच्यांनी ते सांगितले नाही. लांब बाह्यांचे शर्ट घालून ती मुले सगळ्यांच्या मधोमध बसत होती. म्हणजे जिने खरे सांगितले तिची मुलगी टोकाला, आणि जे गप्प राहिले त्यांची मुले मध्ये. संसर्ग थांबवण्यासाठी त्या बाकाचा काडीचाही उपयोग झाला नव्हता.

त्या दोन कुटुंबांना तरी दोष कसा द्यावा? त्यांनी पाहिले होते, की सांगितले तर काय होते. आजार सांगणाऱ्याला जेव्हा समाज लाज देतो, तेव्हा तो सगळ्यांना लपवायला शिकवतो, आणि लपलेला आजार अधिक पसरतो. म्हणजे माणुसकीचा आणि आरोग्याचा मार्ग इथे वेगळा नाही. ज्या ठिकाणी माणूस न घाबरता 'मला असे झाले आहे' म्हणू शकतो, तेच ठिकाण संसर्गापासूनही अधिक सुरक्षित असते.

विसरलेला अध्याय

त्वचारोगाचा विषय निघाला की आपल्याला लेवीय पुस्तकातला तेरावा अध्याय आठवतो. अंगावर चट्टा दिसला की याजकाने पाहावे, सात दिवस वेगळे ठेवावे, पुन्हा पाहावे, आणि रोग ठरला तर त्या माणसाने छावणीबाहेर एकटे राहावे. आपण ज्याला आज कुष्ठरोग म्हणतो तोच तो होता असे नाही. नाना प्रकारच्या त्वचाविकारांना, इतकेच काय कपड्यांवरच्या आणि भिंतींवरच्या डागांनाही तिथे तेच नाव आहे. नियम कठोर वाटतो. पण रानावनात तंबू ठोकून राहणाऱ्या, औषधे नसलेल्या लोकांजवळ दुसरे साधन तरी काय होते?

आपण विसरतो तो चौदावा अध्याय. माणूस बरा झाला की पुढे काय करायचे, हे तिथे तितक्याच बारकाईने सांगितले आहे. आणि त्याची सुरुवात पाहा. बऱ्या झालेल्या माणसाने दार ठोठवायचे नाही. याजकाने स्वतः छावणीबाहेर त्याच्याकडे जायचे, त्याला पाहायचे आणि विधिपूर्वक आत आणायचे. गरिबाला अर्पणाचा खर्च झेपत नसेल तर त्याच्यासाठी कमी खर्चाची सोयसुद्धा त्यात आहे. परतीच्या वाटेत पैशाची अडचण येऊ नये, इतका विचार त्या जुन्या नियमाने केला होता.

मार्कच्या शुभवर्तमानातही प्रभू येशू कुष्ठरोग्याला नुसता बरा करून सोडत नाही. आधी स्पर्श करतो, आणि मग याजकाला जाऊन दाखव असे सांगतो, कारण त्याशिवाय गावाने त्याला आत घेतले नसते. शेवट तर विलक्षण आहे. बाहेरचा माणूस आत जातो, आणि येशूला उघडपणे गावात शिरता येईनासे होते. तो बाहेर एकांतात राहतो. दोघांच्या जागांची अदलाबदल होते.

आम्ही मात्र तेरावा अध्याय तेवढा पाळला. चौदावा पाळायला कोणाला नेमलेच नव्हते. ही चूक फक्त आमच्या वर्गाची नाही. कुष्ठरोगावर अनेक औषधांची एकत्रित उपचारपद्धती जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली सुचवली. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून संसर्ग होणे थांबते. तरीही आपल्या देशात ख्रिस्ती विवाहांना लागू असलेल्या कायद्यासह अनेक वैयक्तिक कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ सालापर्यंत नोंदलेले होते. रोग बरा करण्याचे ज्ञान आले, पण माणसाला परत घेणारा कायदा व्हायला त्यानंतर अडतीस वर्षे लागली. कायद्याला इतका उशीर होतो, तर मनाला किती होत असेल?

आपणही आठवून पाहू. २०२० सालच्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. मिस्सा बंद झाली, दारातल्या पात्रातले पवित्र पाणी काढून टाकले गेले. ते अंतर योग्यच होते, त्याने जीव वाचले. पण वाड्यात ज्या घरी सर्वांत आधी कोरोना आला, त्या घराच्या अंगणात आपण नंतर पहिल्यांदा कधी गेलो? त्या काळात घरी बसलेले जे आजी-आजोबा पुन्हा रविवारी चर्चमध्ये दिसलेच नाहीत, त्यांना 'आता या' असे सांगायला कोण गेले? दूर राहण्याची सूचना वेदीवरून दिली जाते. जवळ येण्याची सूचना बहुधा कोणीच देत नाही. ती आपोआप कळेल असे आपण गृहीत धरतो.

शेवटच्या बाकावर

आमची चूक ध्यानात आल्यावर आम्ही त्या मुलीला पुढे बोलावले. वाटले, ती आनंदाने धावत येईल. ती म्हणाली, ''नको टीचर. मला इथंच बरं वाटतं.''

तेव्हा आम्हाला कळले, की नुसते बोलावणे पुरत नाही. याजक छावणीबाहेर का जात असे, ते त्या दिवशी समजले. मग आमच्यातल्या एक टीचर वर्ग चालू असताना तिच्या बाकावर जाऊन बसू लागल्या. काही रविवारांनी दोन मुली आपणहून तिथे येऊन बसल्या. त्यांपैकी एकीचा भाऊ म्हणजे इसब असलेले ते बाळ. त्याच्या आईनेच तिला तिथे बसायला सांगितले होते. ती मुलगी अजूनही शेवटच्या बाकावरच बसते. आता तो बाक भरलेला असतो. आम्ही तिची आणि तिच्या आईची क्षमा मागितली आहे. जोडीशिवायचा तो जानेवारीचा दिवस मात्र आम्हाला परत देता येणार नाही.

म्हणून वर्गात आम्ही आता एक साधा नेम केला आहे. कोणालाही कोणत्याही कारणाने बाजूला बसवायचे झाले तर तीन गोष्टी आधी ठरवायच्या. एवढे अंतर खरोखर लागते का, हे जाणकाराला विचारायचे. ते किती दिवस ठेवायचे, याची तारीख वहीत लिहायची. आणि त्या तारखेला त्याला परत आणायला कोण जाणार, त्याचे नाव त्याच वहीत लिहायचे. तिसरी ओळ रिकामी असेल तर पहिल्या दोन लिहायच्या नाहीत.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरात, वाड्यात, नात्यागोत्यात अशी कोणती माणसे आहेत, ज्यांना आपण कधीतरी 'थोडे दिवस' म्हणून दूर ठेवले आणि ते दिवस मोजायचे विसरून गेलो? कोणाचा आजार होता, कोणाचे भांडण, कोणाचा न रुचलेला विवाह. कारण कदाचित केव्हाच संपलेले असेल. ते माणूस मात्र अजून टोकाला बसलेले असेल, कारण त्याला कोणी सांगितलेले नाही. या आठवड्यात निदान एका माणसाकडे आपण स्वतः जाऊ या. त्याने यावे म्हणून वाट पाहत बसू नये. जायचे आपल्याला आहे.

आपले,
धर्मशिक्षक मंडळ